सुलाफाचा कॅमेरा

सिनेमा म्हटलं की आपल्याला नट-नट्याच आठवतात. आज आम्ही कॅमेऱ्यामागच्या बाईविषयी सांगणार आहोत. पॅलेस्टाईनमधल्या नाबलुसची सुलाफा जादल्लाह कैरोला जाऊन चित्रणाचं शिक्षण घेऊन आली. अरब मुलुखात तेव्हा बाईच्या हाती कॅमेरा क्वचितच दिसे. १९६८च्या सुमारास जॉर्डनमधल्या अम्मानला तिने मुस्तफा अबू अली आणि हानी जौहरिया यांच्यासोबत चित्रपट विभाग उभारला. आधी तर फोटो स्वयंपाकघरातच धुतले जात! घरदार सुटलेल्या आपल्या माणसांचं चित्रण आपणच करायचं, हा त्यांचा हट्ट. पुढच्याच वर्षी गोळी लागून सुलाफाचं अर्धं अंग लुळं पडलं. हानी १९७६मध्ये लेबनॉनला चित्रण करतानाच मारले गेले. खदीजा हबाशनेह यांनी बैरूतला रिळं सांभाळली. १९८२च्या युद्धानंतर तीही हरवली. खदीजाताई मग कित्येक वर्षं परदेशांत त्यांच्या प्रती शोधत राहिल्या.