आठवड्याचा एक सू

धर्मग्रामाचा महोत्सव आला कीं वर्गणीचा विषय निघतो, आणि मनुष्य दान कां करितो हा जुना प्रश्नही निघतो. पुण्याची आशा, लौकिकाची हौस, शेजाऱ्यापेक्षां उणें दिसूं नये ही भीति, हीं कारणें सर्वांस ठाऊक आहेत. त्यांची निंदा आम्ही करीत नाहीं. तशा पैशानेंही देवळांवर छपरें चढलीं आहेत. परंतु एवढ्यानें न उलगडणारें एक दान इतिहासांत आहे, त्याची हकीकत येथें देतों.

फ्रान्समधील ल्यों हें रेशमाचें शहर. तेथें एका सधन रेशीम-व्यापाऱ्याचे घरीं २२ जुलै १७९९ रोजीं पोलीन जारिको हिचा जन्म झाला. तिचा बंधु फिलेआस पॅरिस येथें धर्मगुरुपदाचें शिक्षण घेत असतां पूर्वेकडील मिशनांची विपन्नावस्था तिला पत्रांतून कळवी. राज्यक्रांतीनें ख्रिस्तसभेची मालमत्ता हिरावून घेतली होती. थोरामोठ्यांच्या देणग्यांची वाट पाहण्यांत अर्थ नव्हता. पोलीन रेशमाच्या गिरणींत राबणाऱ्या मुलींकडे वळली. तिचें मागणें आठवड्यास एक सू, म्हणजे फ्रँकचा विसावा हिस्सा! १८१९ सालीं एका संध्याकाळीं घरांत पत्त्यांचा डाव चालला असतां तिला योजना सुचली, असें सांगतात. एकीनें दहा जणांकडून सू जमवावा. अशा दहा जमविणारींवर एक, आणि तशा दहांवर आणखी एक. वर्षाकांठीं माणशीं दोन फ्रँक साठ सांतीम. एवढ्या रकमेंत कोणाचें नांव फरशीवर कोरलें जाणार?

मग त्या मुलींनीं तो दिला कां? आमच्या मतें पहिलें कारण हें, कीं मागणारी ओळखीची होती. दुसरें, पैशाचें काय झालें तें त्यांस कळे. मिशनऱ्यांचीं पत्रें संस्थेच्या पुस्तिकेंत छापून येत; दहांच्या मंडळास एक प्रत मिळे, ती हातोहात फिरे. शिवाय सूबरोबर रोजची प्रार्थना असे, आणि तिच्यांत संत फ्रान्सिस झेवियर ह्यांचा धांवा. ज्या संताचा देह आमच्या गोव्यांत आहे, त्यास ल्योंची कामकरीण रोज हांक मारी! देणारी एकटी उरत नसे. आम्हांस वाटतें, खरी मेख येथेंच आहे.

३ मे १८२२ रोजीं ह्यांतूनच धर्मप्रसार संस्था स्थापन झाली. त्या वेळीं लुइझियानाच्या मिशनासाठीं साहाय्य मागितलें जात होतें. परंतु संस्था एकट्या मिशनाची न होतां सर्व जगाची झाली. १९२२ सालीं अकरावे पायस पोपमहाशयांनीं ती आपल्या छत्राखालीं घेऊन रोमला नेली. ऑक्टोबरांतील मिशन रविवारीं आपल्या देवळांत जमणारें दान तिच्याकडेच जातें.

पोलीनचें पुढें काय झालें? कामगारांच्या कल्याणार्थ तिनें लोखंडाचा कारखाना घेतला. लबाडांनीं तिला फसविलें, आणि तिच्यावर विश्वासून गरिबांनीं ठेवलेला पैसाही बुडाला. तो फेडण्यासाठीं ती दारोदार फिरली. दहांचें मंडळ जिनें शिकविलें, तिलाच संस्थेच्या चालकांनीं हात दिला नाहीं. ९ जानेवारी १८६२ रोजीं ती वारली. २२ मे २०२२ रोजीं ल्यों येथेंच तिला धन्य म्हणून घोषित करण्यांत आलें. त्याच शहराच्या गरिबांच्या यादींत एके काळीं तिचें नांव नोंदलेलें होतें.