महाराष्ट्रातील सर्कशीचा वारसा

महाराष्ट्रातील सर्कशीचा वारसा म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मराठी भाषक प्रदेशात वाढलेल्या सर्कस-व्यवसायाची परंपरा आणि तिच्याशी संबंधित वस्तू, कागदपत्रे, छायाचित्रे व आठवणी होत. भारतीय सर्कशीची सुरुवात महाराष्ट्रात झाली असे मानले जाते. आजच्या सांगली जिल्ह्यातील अंकलखोप, म्हैसाळ व तासगाव ही गावे या इतिहासात महत्त्वाची आहेत.

पार्श्वभूमी

आधुनिक सर्कशीचा जनक म्हणून इंग्लंडमधील फिलिप अॅस्टली याचा उल्लेख केला जातो. त्याने १७६८ मध्ये लंडन येथे वर्तुळाकार रिंगणात घोडेस्वारीचे खेळ सुरू केले. वर्तुळात धावणाऱ्या घोड्याच्या पाठीवर उभे राहिलेल्या स्वाराला आतील बाजूस किंचित झुकून तोल सांभाळता येतो. सुमारे ४२ फूट (१३ मीटर) व्यासाचे रिंगण यासाठी सोयीचे ठरले आणि पुढे जगभर तेच प्रमाण रूढ झाले. भारतात डोंबारी, कोल्हाटी, गारुडी, दरवेशी आणि मल्ल यांचे खेळ पूर्वीपासून होते. मात्र ते एका तंबूत, ठरावीक क्रमाने आणि तिकीट लावून सादर करण्याची पद्धत युरोपीय कंपन्यांबरोबर आली.

विष्णुपंत छत्रे

अंकलखोप येथील विष्णुपंत छत्रे हे अश्वविद्येत निपुण होते. ग्वाल्हेर येथे त्यांनी हद्दू खाँ यांच्याकडे गायनाचेही शिक्षण घेतले होते. इटालियन सर्कसचालक ज्युसेप्पे किआरिनी याच्या कंपनीचे खेळ मुंबईत झाले, तेव्हा भारतीयांना अशी सर्कस उभारता येणार नाही, असे उद्गार त्याने काढल्याची आख्यायिका आहे. २० मार्च १८८० रोजी छत्रे यांनी मुंबईत आपल्या सर्कशीचा पहिला खेळ केला. ही कंपनी पुढे ‘ग्रेट इंडियन सर्कस’ या नावाने प्रसिद्ध झाली. हद्दू खाँ यांचे पुत्र, थोर गायक रहिमत खाँ यांचा छत्रे यांनी सांभाळ केला, ही बाब संगीताच्या इतिहासातही नोंदली गेली आहे.

विस्तार

छत्रे यांच्यानंतर त्यांचे बंधू काशिनाथपंत यांनी कंपनी चालविली. म्हैसाळच्या देवल घराण्याची सर्कस, कार्लेकरांची सर्कस आणि तासगावचे परशुराम माळी यांची सर्कस या नंतरच्या काळातील नामांकित कंपन्या होत.

छत्रे यांच्या दौऱ्यामुळे केरळमधील थलश्शेरी येथेही सर्कशीचे बीज रुजले. तेथील व्यायामशिक्षक कीलेरी कुन्हिकण्णन यांनी कसरतपटू घडविण्याचे काम हाती घेतले. पुढे भारतीय सर्कशीतील असंख्य कलावंत केरळमधून आले. बाबुराव कदम यांनी १९२० मध्ये स्थापन केलेली बॉम्बे सर्कसही पुढे केरळी चालकांकडे गेली.

दामू धोत्रे

पुण्यात १९०२ मध्ये जन्मलेले दामू धोत्रे लहानपणीच मामांच्या सर्कशीत दाखल झाले. युरोपात त्यांनी फ्रेंच पशुशिक्षक आल्फ्रेड कोर्ट यांच्याबरोबर काम केले. १९४० मध्ये ते अमेरिकेतील रिंगलिंग ब्रदर्स अँड बार्नम अँड बेली सर्कशीत गेले आणि तेथे हिंस्र पशूंचे शिक्षक म्हणून त्यांनी कीर्ती मिळविली. १९७३ मध्ये त्यांचे निधन झाले. ‘वाघ सिंह माझे सखे सोबती’ हे त्यांचे आत्मकथन मराठी वाचकांना परिचित आहे.

जतन आणि संग्रहालये

सर्कस ही फिरती संस्था असल्याने तिच्या खुणा लवकर नाहीशा होतात. तंबूचे कापड कुजते, लाकडी सामान मोडीत निघते, जाहिरातींचे कागद खेळ संपताच निरुपयोगी ठरतात. कसरतीचे ज्ञान लिहून ठेवलेले नसते. ते गुरूकडून शिष्याकडे जाते आणि साखळी तुटली की लोप पावते. म्हणून जुन्या कलावंतांच्या मुलाखती, घरोघरची छायाचित्रे व करारपत्रे यांना साधनग्रंथांइतकेच मोल असते.

अमेरिकेत फ्लोरिडातील सारासोटा येथे १९४८ मध्ये सर्कस संग्रहालय सुरू झाले. तेथील हॉवर्ड टिबल्स यांनी तयार केलेल्या सर्कशीच्या लघुप्रतिकृतीत ४२,००० हून अधिक वस्तू आहेत. प्रेक्षकाला तीत केवळ रिंगण नव्हे, तर मुदपाकखाना, तबेले, रेल्वेचे डबे आणि कपडे बदलण्याचे तंबूही दिसतात. एका खेळामागे किती माणसांचे श्रम असतात, हे त्यातून कळते. विस्कॉन्सिनमधील बाराबू येथे, रिंगलिंग बंधूंच्या जुन्या हिवाळी मुक्कामाच्या जागी, १९५९ मध्ये दुसरे संग्रहालय उघडण्यात आले. जुने सर्कस-रथ हे त्याचे वैशिष्ट्य आहे.

ऱ्हास आणि मूल्यमापन

१९९८ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने वाघ, सिंह, बिबट्या, अस्वल व माकड यांच्या खेळांवर बंदी घातली. दीर्घ न्यायालयीन लढ्यानंतर २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. २०११ मध्ये न्यायालयाने सर्कशीत बालकांना कामास ठेवण्यासही मनाई करण्याचे निर्देश दिले. चित्रपट व दूरचित्रवाणीची स्पर्धा, मोकळ्या मैदानांची टंचाई आणि वाढता वाहतूक खर्च यांनीही व्यवसाय खालावला.

त्यामुळे या वारशाचे जतन हे केवळ गौरवाचे काम राहत नाही. छत्रे यांच्या रिंगणाबरोबर प्राण्यांचा पिंजराही या इतिहासाचा भाग आहे. झुल्यावरील कलावंतांच्या धैर्याबरोबर त्यांची अस्थिर उपजीविका आणि बालकांचे हरवलेले शिक्षण यांचीही नोंद झाली, तरच पुढील पिढीला सर्कशीचे पूर्ण चित्र मिळू शकते.