पडद्यामागच्या सेवांना नियमांचे कुंपण

संगणक सुरू केला की पडद्यावर दिसतात त्याहून कितीतरी अधिक प्रोग्रॅम्स आतल्या आत कामाला लागतात. कोणी छपाईची रांग सांभाळतो, कोणी घड्याळ जुळवून घेतो, तर कोणी नेटवर्कवरून येणाऱ्या विनंतीची वाट पाहत बसून राहतो. वापरकर्त्याशी थेट न बोलता पार्श्वभूमीवर अखंड राबणाऱ्या अशा प्रोग्रॅमला युनिक्सच्या परिभाषेत 'डीमन' म्हणतात. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९६३ च्या सुमारास हे नाव रूढ झाले. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेल यांनी कल्पिलेल्या, न थकता रेणूंची वर्गवारी करणाऱ्या अदृश्य जिवावरून ते घेतले आहे.

या सेवकांवाचून चालत नाही आणि त्यांच्यावर पूर्णपणे विसंबताही येत नाही. वेब सर्व्हर किंवा मेल सर्व्हर अनोळखी माणसांनी पाठवलेला मजकूर रात्रंदिवस स्वीकारत असतो. त्याच्या प्रोग्रॅममध्ये एखादी चूक राहून गेली असेल, तर मुद्दाम रचलेला मजकूर पाठवून हल्लेखोर त्या सेवेचाच ताबा घेऊ शकतो. २ नोव्हेंबर १९८८ रोजी इंटरनेटवर पसरलेल्या 'मॉरिस वर्म'ने नेमका हाच मार्ग धरला होता. 'फिंगर' आणि 'सेंडमेल' या दोन पार्श्वसेवांमधील त्रुटी त्याच्या उपयोगी पडल्या. चुका राहणारच, असे गृहीत धरून त्यांचा उपद्रव आधीच कसा सीमित करावा, या प्रश्नाला संगणकशास्त्राने दिलेले एक उत्तर म्हणजे 'सक्तीचे प्रवेश-नियंत्रण'.

मालकाच्या मर्जीची मर्यादा

युनिक्सच्या पारंपरिक व्यवस्थेत प्रत्येक फाइलला एक मालक असतो. ती कोणी वाचावी, कोणी बदलावी, कोणी चालवावी, हे तो आपल्या मर्जीने ठरवतो. म्हणून या पद्धतीला 'ऐच्छिक नियंत्रण' म्हणतात. माणसांमधील व्यवहारासाठी ती पुरेशी आहे. पार्श्वसेवांच्या बाबतीत मात्र तिच्यात दोन उणिवा दिसतात. पहिली अशी, की प्रोग्रॅम ज्याच्या नावाने चालतो त्याचे सगळे अधिकार त्याला आपोआप मिळतात, मग कामासाठी त्यांची गरज असो वा नसो. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. 'रूट' या सर्वाधिकारी खात्याला ही व्यवस्था सहसा अडवतच नाही. रूटच्या नावाने चालणारी एक सेवा हल्लेखोराच्या हाती गेली, की सगळा संगणकच त्याच्या हाती गेला.

जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात 'किमान अधिकारा'चे तत्त्व मांडले होते. प्रत्येक प्रोग्रॅमला त्याच्या कामापुरतेच अधिकार असावेत, त्याहून अधिक नसावेत, असे हे तत्त्व. सक्तीचे नियंत्रण हे त्याचेच प्रत्यक्ष रूप होय.

बँकेतील लॉकरचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. लॉकर उघडण्यासाठी ग्राहकाची आणि बँकेची अशा दोन्ही चाव्या लागतात. ऐच्छिक परवानगी ही ग्राहकाची चावी मानली, तर सक्तीचे धोरण ही बँकेची चावी होय. सेवेने एखादी फाइल मागितली, की कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, आधी नेहमीची परवानगी तपासतो आणि मग धोरण पाहतो. दोहोंपैकी एकाने नकार दिला तरी दार उघडत नाही. धोरणाने बांधलेली सेवा रूटच्या नावाने चालत असली तरी या नियमातून सुटत नाही.

लष्करी गरजेतून खुल्या प्रणालीकडे

अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'ऑरेंज बुक' या मानकात वरच्या श्रेणीच्या संगणकांसाठी सक्तीचे नियंत्रण आवश्यक ठरवले होते. तेथे भर होता तो कागदपत्रांच्या गोपनीयतेच्या पायऱ्यांवर. वेब सर्व्हरच्या दृष्टीने मात्र दस्तऐवज किती गोपनीय आहे यापेक्षा तो आपल्या कामाचा आहे की नाही, हा प्रश्न महत्त्वाचा असतो. त्याच सुमारास पुढे आलेल्या 'टाइप एन्फोर्समेंट' या कल्पनेने याची सोय केली. तिच्या आधारे अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने, म्हणजे 'एनएसए'ने, विकसित केलेली 'एसई-लिनक्स' ही प्रणाली डिसेंबर २००० मध्ये सर्वांसाठी खुली झाली. कोणतीही एकच सुरक्षापद्धती कर्नलवर लादू नये, अशी लिनस टोरवाल्ड्स यांची भूमिका होती. त्यामुळे वेगवेगळ्या पद्धती जोडता येतील असा सामाईक सांगाडा आधी तयार झाला. डिसेंबर २००३ मधील २.६ या आवृत्तीत तो सांगाडा आणि एसई-लिनक्स असे दोन्ही समाविष्ट झाले. फाइलच्या मार्गावरून नियम लिहिणारी, तुलनेने सोपी 'ॲपआर्मर' ही पद्धत २०१० मध्ये कर्नलमध्ये आली.

लेबल आणि नियम

एसई-लिनक्समध्ये चालत्या प्रत्येक प्रोग्रॅमला आणि प्रत्येक फाइलला एक लेबल असते. वेब सर्व्हरला 'एचटीटीपीडी-टी' हे लेबल मिळते. संकेतस्थळाच्या पानांचे लेबल निराळे आणि पासवर्डची सांकेतिक रूपे ठेवलेल्या फाइलचे त्याहून निराळे. या लेबलाच्या प्रोग्रॅमने त्या लेबलाच्या फाइली वाचाव्यात, अशा स्वरूपाची हजारो वाक्ये मिळून धोरण तयार होते. त्यात जे स्पष्टपणे दिलेले नाही ते नाकारलेले असते. वेब सर्व्हरला पाने वाचण्याची मुभा आहे, पासवर्डच्या फाइलची नाही. इतकेच नव्हे, तर स्वतःहून बाहेरच्या संगणकाशी संपर्क साधण्याची मोकळीकही त्याला मूळ धोरणात नसते. संकेतस्थळाला तशी गरज असेल, तर व्यवस्थापकाला ती मुद्दाम चालू करावी लागते.

हे धोरण किती विस्तारावे, याचा धडा 'फेडोरा' या लिनक्स वितरणाने लवकरच दिला. २००४ च्या मे महिन्यात आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत सगळ्याच प्रोग्रॅम्सना बांधणारे कडक धोरण होते. ते सामान्य वापरात इतके अडचणीचे ठरले, की मुळात बंद ठेवूनच ते द्यावे लागले. नोव्हेंबरमधील तिसऱ्या आवृत्तीत 'लक्ष्यित' धोरण आले. वेब सर्व्हर, नाव-शोधक सेवा, घड्याळ जुळवणारी सेवा अशा निवडक पार्श्वसेवांनाच बंधन आणि इतरांना मोकळीक, अशी त्याची रचना होती. हे धोरण चालू स्थितीत देता आले आणि पुढे त्याची व्याप्ती क्रमाने वाढत गेली.

खिशातला अनुभव

हा विषय केवळ सर्व्हरच्या खोलीतला नाही. अँड्रॉइड फोनमध्ये २०१३ पासून एसई-लिनक्स आहे आणि २०१४ मधील ५.० या आवृत्तीपासून ते सर्व प्रोग्रॅम्सवर सक्तीने लागू आहे. तरीही जुलै २०१५ मध्ये 'स्टेजफ्राइट' या त्रुटीने खळबळ उडवली. जोशुआ ड्रेक या संशोधकाने दाखवून दिले, की खास रचलेला व्हिडिओ संदेशातून पाठवला तर तो न उघडताही फोनमधील 'मीडियासर्व्हर' या पार्श्वसेवेचा ताबा घेता येऊ शकतो. व्हिडिओची फाइल उलगडणाऱ्या या सेवेकडेच कॅमेरा आणि नेटवर्कचे अधिकारही होते. कुंपण होते, पण त्याच्या आत फार मोठे अंगण सोडलेले होते.

त्यावरचा उपाय उद्बोधक आहे. चुका दुरुस्त झाल्याच, पण २०१६ मधील ७.० या आवृत्तीत मीडियासर्व्हरची अनेक लहान सेवांमध्ये फोड करण्यात आली. कॅमेऱ्याचे काम एकीकडे गेले, ध्वनीचे दुसरीकडे, आणि अनोळखी फाइली उलगडण्याचे जोखमीचे काम ज्या सेवांकडे आले, त्यांना कॅमेरा, मायक्रोफोन, छायाचित्रे आणि इंटरनेट यांची दारे धोरणानेच बंद केली. यापुढे तशीच चूक सापडली, तरी हल्लेखोराच्या हाती जवळजवळ रिकामी खोली लागावी, हा हेतू.

कुंपणाची राखण

या व्यवस्थेचे अपयश बहुधा कंटाळ्यातून येते. व्यवस्थापक घरच्या फोल्डरमधली फाइल संकेतस्थळाच्या फोल्डरमध्ये हलवतो. फाइल हलते, पण तिचे जुने लेबल कायम राहते. परवानग्या बरोबर दिसत असूनही वेब सर्व्हर ती वाचू शकत नाही. अशा वेळी लेबल पूर्ववत करणारी एक आज्ञा पुरेशी असते. घाईत मात्र संपूर्ण संरक्षणच बंद केले जाते. नोंदवहीतील नकारांवरून नवे नियम बनवून देणारे साधनही आहे. ते डोळे मिटून वापरले, तर हल्लेखोराच्या नाकारलेल्या प्रयत्नालाही परवाना मिळून जाण्याचा धोका असतो. यासाठी मधली एक अवस्था उपलब्ध आहे. तिच्यात नियमभंग अडवला जात नाही, फक्त नोंदवला जातो. नव्या सेवेचे धोरण आधी या अवस्थेत पारखावे, प्रत्येक नोंद वाचावी आणि मगच सक्ती लागू करावी, हा शहाणपणाचा मार्ग. गरज पडल्यास एकट्या सेवेपुरतीही ही सवलत देता येते. त्यासाठी सगळा संगणक उघडा टाकण्याचे कारण नाही.

सक्तीचे नियंत्रण सर्व रोगांवरचा उपाय नव्हे. धोरणाची अंमलबजावणी कर्नल करतो, म्हणून कर्नलमधील चूक हे कुंपण मोडू शकते. सेवेला जे कायदेशीररीत्या वाचता येते, ते तिचा ताबा घेणाऱ्यालाही वाचता येते. वेब सर्व्हरला ग्राहकांची माहिती उघडता येत असेल, तर ती वाचवण्याचे काम धोरण करू शकत नाही. हल्ला होणारच नाही, अशी हमी त्यात नाही. हल्ला झाला तर तो कुठवर पोहोचेल, हे आधी ठरवण्याची सोय तेवढी त्यात आहे. ही सीमा संकट येण्यापूर्वी, शांतपणे आणि सेवेच्या कामाची नीट माहिती घेऊनच आखावी लागते.