जुना माल आणि मालकीची खूण

उल्हास नदीच्या खोऱ्यांत वसलेल्या बदलापुरास तें नांव, वाटसरू तेथें घोडे बदलीत म्हणून पडलें, अशी लोककथा आहे. कथा खरी असो वा नसो, अशा व्यवहारांत दोन प्रश्न नेहमींच उभे राहतात. हातीं आलेलें जनावर तेंच कशावरून? आणि तें देणाऱ्याच्या मालकीचें कशावरून?

पहिल्या प्रश्नाचें उत्तर दिल्लीच्या अल्लाउद्दीन खिलजीनें घोड्यांस डाग देऊन काढलें. हजेरीस उमदा घोडा दाखवून मागाहून तट्टू बांधण्याची शिपायांची लबाडी त्यामुळें उघडी पडूं लागली. दुसऱ्याचें उत्तर त्याहूनहि प्राचीन आहे. मालकी सिद्ध झाल्याखेरीज जुन्या वस्तु विकूं वा गहाण ठेवूं देऊं नयेत, असें कौटिल्यानें अर्थशास्त्रांत बाजारावरील अधिकाऱ्यास बजावलें आहे.

आज हेच दोन प्रश्न मोबाईल फोनच्या बाबतींत पुन्हां उपस्थित झाले आहेत. प्रत्येक फोनास पंधरा अंकी क्रमांक असतो. तोच त्याचा डाग. *#०६# हीं चिन्हें दाबतांच तो पडद्यावर उमटतो. चोरीस गेलेल्या फोनचा क्रमांक काळ्या यादींत घालण्याची केंद्रीय व्यवस्था सप्टेंबर २०१९ मध्यें मुंबई येथें, प्रथम महाराष्ट्रापुरती, सुरू झाली व मे २०२३ मध्यें साऱ्या देशास लागू झाली. एकदां यादींत गेलेला फोन, सिमकार्ड बदललें तरी, देशांतील कोणत्याहि कंपनीच्या जाळ्यावर चालत नाहीं. क्रमांकच खोडून बदलणाऱ्यास २०२३ च्या दूरसंचार कायद्यानें तीन वर्षांपर्यंत कैद वा पन्नास लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्हीहि, होऊं शकतात.

परंतु या व्यवहारांत चोर पैसे घेऊन केव्हांच पसार होतो, आणि मुका झालेला फोन राहतो तो शेवटच्या गिऱ्हाइकाच्या हातीं. अंबरनाथच्या कारखान्यांतील एखाद्या कामगारानें पगारांतून शिल्लक टाकून तो घेतलेला असतो. १९३० च्या मालविक्री कायद्याचें सामान्य तत्त्व असें कीं, विकणाऱ्यापाशीं जी मालकी नाहीं ती घेणाऱ्यास मिळत नाहीं. त्याचा निर्दोषपणा त्याला तुरुंगापासून वांचवील. पण त्याचे पैसे परत आणून देणार नाहीं.

शेजारचें उल्हासनगर हें मूळचें दुसऱ्या महायुद्धांतील लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधमधील निर्वासितांनीं तेथील बराकींत आसरा घेतला, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनीं त्या नगराची कोनशिला बसविली. घरदार गमावून आलेल्या माणसांनीं तेथें बाजारपेठ उभी केली ती पतीच्या बळावर. पत म्हणजे दिलेल्या मालाची जबाबदारी. ती राखण्यास आज फारसे कष्ट नाहींत. दुकानदारानें क्रमांकासह पावती द्यावी. गिऱ्हाइकानें पैसे मोजण्यापूर्वीं तो क्रमांक 'संचार साथी' या सरकारी संकेतस्थळावर पडताळावा. कौटिल्याच्या अधिकाऱ्याचें काम आतां ज्याच्या त्याच्या हातांत आलें आहे.