साहित्य वर्तुळातील तंत्राधारित भूमिका

साहित्य वर्तुळ म्हणजे एकच पुस्तक निवडून वाचणाऱ्या चार-पाच विद्यार्थ्यांचा वर्गातील चर्चागट. अमेरिकेत १९८० च्या दशकात ही पद्धत रुजू लागली. हार्वी डॅनियल्स यांच्या १९९४ च्या ‘लिटरेचर सर्कल्स’ या पुस्तकाने तिचा मोठा प्रसार झाला. प्रश्न काढणे, उतारा निवडणे, चित्र काढणे, शब्द हेरणे, सारांश सांगणे, पात्रांच्या प्रवासाचा माग काढणे अशा भूमिका मुलांमध्ये आळीपाळीने फिरतात.

संगणक वर्गात आल्यावर या भूमिकांची साधने बदलली. प्रश्नकर्ता सामायिक दस्तऐवजात प्रश्न मांडतो, त्यामुळे बुजरी मुलेही बैठकीआधी लिहून व्यक्त होतात. सारांशकार सारांश ध्वनिमुद्रित करतो. खरा कस लागतो तो प्रवासाचा माग काढणाऱ्याचा. जॉन स्टाइनबेक यांच्या ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’ या कादंबरीतील जोड कुटुंबाची ओक्लाहोमा ते कॅलिफोर्निया ही वाट गूगल अर्थवर आखताना वाळवंटाचा विस्तार डोळ्यांना दिसतो, आणि कुटुंबाने ते रात्रीच का ओलांडले हे मजकुरातच शोधावे लागते. कॅलिफोर्नियातील शिक्षक जेरोम बर्ग यांच्या ‘गूगल लिट ट्रिप्स’ने असे तयार नकाशे शिक्षकांना उपलब्ध करून दिले, पण मुलांनी स्वतः केलेला ओबडधोबड नकाशा चर्चेला अधिक उपयोगी.

प्रत्येक भूमिकेचे काम लिहून दिलेली भूमिकापत्रके हा तात्पुरता आधार आहे, त्यांनी चर्चा यांत्रिक होऊ शकते, असे डॅनियल्स यांनीच आपल्या पुस्तकाच्या २००२ च्या आवृत्तीत बजावले. पडद्यावर हा धोका वाढतो: स्लाइड सजते, पुस्तक मिटलेलेच राहते.