किल्ली गेली, कोयंडा राहिला

धाकटी बहीण अंकुशनगरला असते. अंबड तालुक्यात महाकाळ्याजवळ समर्थ सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्याच्याभोवती वस्ती वाढली आणि कारखान्याचे संस्थापक अंकुशराव टोपे यांचे नाव तिला मिळाले. दाजी कारखान्यातच आहेत. त्यांनी नुकतेच घर बांधून पूर्ण केले. मी गेलो तेव्हा ओसरीत एकच विषय चालू होता: पुढच्या दाराला स्मार्ट लॉक कोणते बसवायचे. दाजींनी मोबाइल माझ्यापुढे धरला. चित्रातले लॉक बोटाने उघडत होते, आकड्यांनी, कार्डाने आणि मोबाइलनेही उघडत होते. यातले काहीच चालले नाही तर किल्ली होतीच.

"पाच प्रकारे उघडतं, पाहुणे," दाजी म्हणाले. "आणि किल्लीच नाही म्हटल्यावर चोर चोरणार काय?"

पाचवा प्रकार किल्लीचाच होता, पण पाहुणचार चालू असताना ते कुठे काढायचे!

हा पक्ष एकट्या दाजींचा नाही. दुकानदाराचा, जाहिरातीचा आणि शेजारी आधी लॉक बसवून मोकळ्या झालेल्या माणसाचाही तोच आहे. नीट मांडायचा तर असा: घराच्या बंदोबस्तातली कच्ची जागा म्हणजे किल्ली. ती हरवते, तिची नक्कल होते. म्हणून किल्ली गेली की घर पक्के, आणि उघडण्याचे मार्ग जितके जास्त तितके लॉक भारी. यातले पहिले म्हणणे अर्धे खरे आहे, म्हणून जास्त फसवे. दुसरे सरळ उलटे आहे.

घरफोडीची बातमी मराठी वर्तमानपत्रात काढून वाचा. वाक्य ठरलेले असते: 'दाराचा कडी-कोयंडा तोडून अज्ञात चोरट्यांनी आत प्रवेश केला.' कुलूप बिचारे कित्येकदा तुटलेल्या कोयंड्यात बंदच्या बंद लटकत असते. त्याने आपले काम चोख केलेले असते. आपल्या भाषेने या गुन्ह्याचे नावच मुळी घरफोडी ठेवले आहे, कुलूपफोडी नाही. देवलांच्या संगीत नाटकामुळे मराठी प्रेक्षकांच्या ओळखीचा झालेला शूद्रकाचा शर्विलक आठवा. 'मृच्छकटिक'च्या तिसऱ्या अंकात तो चारुदत्ताच्या घरी येतो, तो भिंतीला भगदाड पाडून. भगदाड कोणत्या आकाराचे शोभेल याचा शास्त्रशुद्ध विचार करतो, माप घ्यायची दोरी विसरली म्हणून जानव्याने मोजतो. इतका व्युत्पन्न चोर, पण आत शिरायला तो कुलपाशी झटत बसत नाही.

आपल्याकडचे जुने वाडे बांधणाऱ्यांना हे कळत होते. दारामागे अडसर असे. भिंतीतल्या खोबणीतून लाकडी वासा ओढायचा आणि पलीकडच्या भिंतीतल्या भोकात सारायचा. बाहेरून दार ढकलणाऱ्याची गाठ मग भिंतीशी पडे.

मी दाजींकडे पेचकस मागितला. दार सागाचे, जाड, देखणे. चौकटीत लॅचची जीभ ज्या पत्र्याच्या पट्टीत शिरते ती दोन स्क्रूंवर होती. एक सोडवून तळहातावर ठेवला. अर्धा इंच. त्याच्या आट्यांत भुसा अडकलेला होता. जालन्याच्या कारखान्यांतून निघणाऱ्या सळया कुठे कुठे जातात आणि त्याच जिल्ह्यात घराचा सगळा भरवसा अर्ध्या इंचाच्या दोन स्क्रूंवर! या पट्टीवर लाथ बसली तर दाराला साडेसोळा हजारांचे लॉक होते की साडेतीनशेचे, हे लाथेला कळत नाही.

आता पाच प्रकारांकडे येऊ. पाच प्रकारे उघडणारे लॉक म्हणजे एका दाराला पाच दारे. चोराला पाचही नको असतात, त्यातले सर्वांत कच्चे एक पुरते. पुष्कळ स्वस्त लॉकांत ते कच्चे दार म्हणजे नेमका तो अडीअडचणीचा किल्लीचा घोडा. वरच्या झाकणाखाली दडवलेला, आणि जात अशी की साध्या पेटीच्या कुलपालाही लाज वाटावी. किल्ली गेली म्हणता म्हणता ती मागल्या दाराने परत येते, पूर्वीपेक्षा हलकी होऊन.

मोबाइलचे दारही तपासून झालेले आहे. 2016 मध्ये लास व्हेगासच्या डेफकॉन या हॅकर परिषदेत दोन संशोधकांनी ब्लूटूथवर चालणारी 16 कुलपे घेतली आणि त्यांतली 12 उघडून दाखवली. काही कुलपे पासवर्ड उघड्या अक्षरांत हवेत सोडत होती, गावभर ओरडून सांगितल्यासारखी. बोटाचे म्हणाल तर जपानमधल्या त्सुतोमु मात्सुमोतो यांनी 2002 मध्येच जिलेटिनची बोटे करून तेव्हाचे बहुतेक सेन्सर फसवले होते.

हे वाचून कोणी म्हणेल, मग नकोच ते खूळ. समोरच्या घरातले निवृत्त गुरुजी तेच म्हणत होते: "आमचं नवताल कुलूप बरं. हॅक होत नाही, सेल लागत नाही." गुरुजींचा मान राखूनही हा पक्ष मला पहिल्यापेक्षा कच्चा वाटतो. लोखंड फसत नाही ही समजूत 1851 मध्येच संपली. लंडनच्या महाप्रदर्शनासाठी आलेल्या आल्फ्रेड हॉब्स या अमेरिकी कारागिराने चब कंपनीचे नावाजलेले कुलूप पंचवीसेक मिनिटांत उघडले. ब्रामा या दुसऱ्या कुलूपवाल्याच्या दुकानात, उघडणाऱ्याला दोनशे गिनी देऊ म्हणून, कित्येक दशके मांडून ठेवलेले कुलूप होते. त्याला हॉब्सने सोळा दिवसांत मिळून एक्कावन्न तास दिले आणि तेही उघडले. न उघडणारे कुलूप कोणी केलेले नाही. प्रश्न एवढाच असतो की किती वेळ, किती आवाज आणि किती जणांच्या देखत.

इथे गुरुजींचे नवताल हरते. बाहेरून लटकणारे कुलूप म्हणजे 'घरात कोणी नाही' अशी पाटी. ती वाचायला साक्षर असावे लागत नाही. दाराच्या अंगातच बसलेले लॉक, मग ते स्मार्ट असो की साधे, आत माणूस असताना आणि नसताना सारखेच दिसते. माझ्या मते त्याचा हा सर्वांत मोठा गुण आहे आणि जाहिरातीत नेमका तोच नसतो. कुलूप दिसणे ही काय चीज आहे ते शनिशिंगणापुरात पाहावे. घरांना कुलपे न लावणाऱ्या त्या गावात युको बँकेने 2011 मध्ये शाखा काढली तेव्हा दाराला काच लावली आणि दुरून चालणारे विद्युतचुंबकी कुलूप असे बसवले की ते नजरेत भरू नये. गावाच्या श्रद्धेचा मान राहिला आणि दारही बंद झाले.

गुरुजींची किल्ली कुठे असते ते मला दुपारीच कळले होते. ती तुळशीच्या कुंडीखाली असते. गल्लीतल्या पोरांनाही माहीत आहे. जुन्या भारतीय दंडसंहितेच्या कलम 445 मध्ये घरफोडीची उदाहरणे दिली होती, त्यांत एक असे: मालकाची हरवलेली किल्ली एखाद्याला सापडली, ती लावून तो चोरपावलाने घरात शिरला, तर तीही घरफोडीच. कायद्याच्या लेखी गुन्हा तोच. पण पंचनाम्याला आलेल्या हवालदाराला दाखवायला ना तुटलेली कडी असते, ना कोयंडा.

तेव्हा स्मार्ट लॉकचे मंडन करायचे ते किल्लीच्या हिशेबावर. चोराशी झुंज घेण्याचे श्रेय त्याला देऊ नये. हंगामात कारखाना तीन पाळ्यांत चालतो. दाजी अवेळी येतात, बहीण शाळेवर असते, मुलगा शिकवणीला जातो, मोटर चालू करायला गडी येतो, वरच्या खोलीत भाडेकरू. या घरात किल्ल्या पाच, आणि पाचवी कोणाकडे याचा वाद कायमचा. इथे प्रत्येकाला आपापला आकडा देता येतो, गड्याचा आकडा ठराविक वेळेपुरता ठेवता येतो, भाडेकरू गेला की त्याचा आकडा पुसता येतो. कोण कधी आले याची नोंद राहते. (तरण्या पोराच्या घरात ही नोंद वरदान की कटकट, हे ज्याचे त्याने ठरवावे.) किल्लीची नक्कल परत मागता येत नाही, आकडा मागता येतो. चावीवाल्याकडे न जाता कुलूप बदलल्यासारखे होते. सुरक्षा असलीच तर या ठिकाणी आहे.

मग निवड घरातल्या हातांवरून करावी. दाजींच्या आई, म्हणजे मावशी, आयुष्यभर शेतात राबल्या. रेशन दुकानातल्या यंत्रावर त्यांचा अंगठा चार-चार वेळा पुसून लावावा लागतो. रेघा झिजल्यात. कारखान्याच्या बॉयलिंग हाउसमध्ये चुना आणि कॉस्टिकशी काम करणाऱ्यांचीही बोटे तशीच. सेन्सर सैल ठेवला तर परक्याला आत घेतो, कडक ठेवला तर घरच्याला बाहेर ठेवतो. हा ताण कोणत्याही कंपनीला चुकलेला नाही. उसाच्या पट्ट्यात तरी बोट हा दुय्यम मार्ग मानावा, आकडा मुख्य. दार पश्चिमेचे असेल तर वैशाखातल्या बेचाळीस अंशांत ते लॉक आणि आतले सेल काय सोसणार याचाही विचार हवा. सेल अल्कलाइनच घालावेत. चार्ज होणारे 1.2 व्होल्टचे घातले तर बऱ्याच लॉकांना सेल किती उरले याचा अंदाजच येत नाही. आणि सेल संपले तर बाहेरून नऊ व्होल्टची बॅटरी टेकवायची किंवा पॉवर बँक जोडायची सोय आहे ना, ते दुकानातच करून पाहावे.

इंटरनेटवरून उघडायची हौस मात्र मी सोडायला सांगितली. 2017 मध्ये अमेरिकेतल्या एका कंपनीने दुरून सॉफ्टवेअर सुधारायला घेतले आणि सुमारे पाचशे घरांची लॉक निकामी करून ठेवली. आपल्या दाराची दुरुस्ती आपल्याला न विचारता सातासमुद्रापलीकडून होत असेल, तर त्या दाराचे मालक आपण किती?

दाजींनी सगळे ऐकून घेतले. मान्य केले असे नाही. मावशी मधेच म्हणाल्या, "मला आकडा ध्यानात राहील का रे?" नातवाने गावच्या एसटीची जुनी वेळ सांगितली, ती त्यांना पाठ होती. तोच आकडा ठरला. तो इथे लिहीत नाही.

लॉकची मागणी त्या दिवशी नोंदवली गेली नाही. संध्याकाळी दाजी मोटारसायकल काढून शहागडला गेले आणि तीन इंची स्क्रूंची पुडी आणि जाड लोखंडी पट्टी घेऊन आले. सुतार दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता.