वेठीतून निघालेला डाव

सेनापतीने फौज फिरवून शत्रूला कोंडीत पकडले किंवा चालकाने अरुंद गल्लीतून मोठी गाडी सफाईने काढली, की इंग्रजीत ‘मनूव्हर’ हा शब्द येतो. शब्दाला चातुर्याचा रुबाब आहे. पण त्याचे कूळ सेनापतीच्या तंबूत नाही, शेतावरच्या वेठीत आहे. लॅटिनमध्ये ‘मानुस’ म्हणजे हात आणि ‘ओपेरा’ म्हणजे काम. कोणी म्हणेल, हात हे कसबाचेच चिन्ह, तेव्हा कौशल्याचा अर्थ पहिल्यापासूनच असणार. ८६४ सालचे पीत्रचे फर्मान तसे सांगत नाही. शार्लमेनचा नातू राजा चार्ल्स याच्या या फर्मानात कुळांच्या वेठीचे दोन प्रकार येतात: गाडी जुंपून करायची ती ‘कारोपेरा’ आणि नुसत्या हातांनी करायची ती ‘मानोपेरा’. कुळे कोठारात मळणी करत नाहीत, आणि पूर्वी अशी चाल नव्हती म्हणून जमिनीत घालायची चुनखडीची मातीही वाहत नाहीत, अशी तक्रार त्यात आहे. इथे हात म्हणजे निव्वळ अंगमेहनत. राबणाऱ्यांचा नकार राजाच्याच कागदात टिकला, हे मला या साऱ्या इतिहासात सर्वांत मोलाचे वाटते.

खताला इंग्रजीत ‘मॅन्यूर’ म्हणतात, तोही याच मुळाचा. शेणखत आणि युद्धनीती एका घरची, ही रचलेली गोष्ट वाटेल. पण ‘मॅन्यूर’ आधी क्रियापद होते आणि त्याचा अर्थ जमीन कसणे असा होता. खताचा अर्थ मागून आला. मिल्टनने १६६७च्या ‘पॅरडाइज लॉस्ट’मध्ये तो बागेच्या मशागतीसाठीच वापरला आहे. मग मेहनतीतून हालचाल कशी निघाली? माझ्या मते हा सांधा जहाजावर जुळला. फ्रेंच खलाशी शिडांच्या दोरांनाच ‘मानव्र’ म्हणतात. दोर ओढणारे हात आणि वळणारे जहाज यांत तिथे अंतरच उरत नाही. हुकूम देणाऱ्याचे नाव होते, ओढणाऱ्याचे होत नाही. इंग्रजांनी अठराव्या शतकाच्या मध्यास फ्रेंचांकडून शब्द घेतला तो लष्करी आणि आरमारी डावपेचांच्या अर्थाने, त्यामुळे मजूर त्यांच्या नजरेस पडलाच नाही. फ्रेंचमध्ये तो अजून आहे: ‘मानव्र’ स्त्रीलिंगी असेल तर डावपेच, पुल्लिंगी असेल तर अकुशल मजूर.